टिटवीची टकटक

३ जून
साठीला टेकले आणि आज पहिली नोकरी लागली! फसवून, विकून आणलेल्या मुलींसाठी सरकारी अनुदानावर चालणारी ही फोनसेवा. नदीकाठच्या घरात एक खोली, एक फोन, खिडकीशी आंबा. नेमेसिया इथली मुख्य; सगळे तिला मानाने 'दोन्या' म्हणतात. माझा कोकोचा थर्मास बघून म्हणाली, "तयारीनिशी आलीस. टिकशील." मी माझ्या नवऱ्याचा, तेओफिलोचा पेलाही आणलाय. तो जाऊन चार वर्षं झाली. घरी तो पेला रिकामा बघवत नाही.

नियम तीन. मुलीचं नाव विचारायचं नाही, पक्ष्याचं नाव द्यायचं. फोन आपण आधी ठेवायचा नाही. ती कुठे आहे ते कागदावर कधीच लिहायचं नाही.

६ जून
एकीला मी टिटवी नाव दिलं. ती सोन्याच्या खाणीवरच्या खानावळीत भांडी घासते. तिथूनच रोज सकाळी दहाला फोन करते. बोलता येत नसेल तर नखाने रिसीव्हरवर टकटक करते. एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे जवळ कुणीतरी आहे. मग मी नुसतं वाचत राहते. मासे बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर मी वाचायला शिकले, त्यामुळे मला काहीही चालतं. आज केळीवरच्या किडीची बातमी वाचली. ती चक्क हसली.

११ जून
आज कुजबुजली. रात्री तिला कुठे ठेवतात ते सांगितलं. शनिवारी मालक नदीपलीकडे जातो, तेव्हा नेमेसियाची माणसं तिला आणतील. जागा मी नेमेसियाला तोंडीच सांगितली; कागदावर लिहिली नाही, इथेही नाही.

१२ जून
राजधानीचं पत्र आलं. प्रत्येक फोनमागे भरायच्या फॉर्ममधली 'ठिकाण' ही चौकट रिकामी असेल तर तो फोन मोजणार नाहीत. शुक्रवारपर्यंत फॉर्म नाहीत तर अनुदान बंद, म्हणजे फोनही बंद. नेमेसिया भडकली. "पत्ते हवेत त्यांना? या म्हणावं, बसा इथे, ऐका टकटक!" भांडायला बसने राजधानीला गेली. जाता जाता मला म्हणाली, "त्या चौकटीला हात लावलास तर हात मोडीन, बाई."

१३ जून
रात्रभर डोळा लागला नाही. उद्या फोनच बंद पडला आणि शनिवारचा बेत फिरला, तर टिटवी कुणाला कळवणार?
चौकट भरली. एकच फॉर्म, टिटवीचा. राजधानीला पाठवायला नगरपालिकेत नेऊन दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला. म्हणाला, "अक्षर छान आहे, सेन्योरा."

१४ जून, शुक्रवार
दहा वाजले. फोन नाही.

सव्वादहा. नेमेसिया अजून परतीच्या बसमध्ये असेल. तिचा मोबाईल लागत नाही.

दहा वीस. आला. दोन टकटक. मी वाचायला लागले. पुन्हा दोन. पण नखाची नव्हे — जड, अंगठीची —

पुरुषाचा आवाज. लाकडाच्या गिरणीमागे, निळी टाकी, तिसरी झोपडी — मी चौकटीत लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं त्याने. सावकाश. मग म्हणाला, अक्षर छान आहे, सेन्योरा.

टिटवी कुठे आहे, विचारलं. तो हसला. मी फोन ठेवला नाही. तोही ठेवत नाही —

फोन मुका झाला. अनुदान संपलं. तो एक फॉर्मही पुरला नाही. आणि त्याच फॉर्मच्या तळाशी इथला पत्ता छापलेला —

बाहेर गाडी थांबली.

दारावर टकटक. दोन.
नखाची आहे. तिचीच. दोन म्हणजे जवळ कुणीतरी — पण ती आहे, जिवंत आहे, मी दार