माकडहाडाचा दावा

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
उभ्यानं लिहितो आहे. डायरी फ्रीजवर ठेवली आहे. काल संध्याकाळी किकवीला हनुमंताच्या हॉटेलात हात धुवायला मागं गेलो. बेसिनपुढच्या पायरीची फरशी हलत होती, वर साबणाचं पाणी. पाय सटकला आणि मी थेट बुडावर. हनुमंत म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा. पळत आला, मला बघितलं आणि हसला. साधं नाही, खांबाला धरून हसला. गिऱ्हाईकंही हसली, पण त्यांचं सोडा, ती परकी.
डॉक्टर म्हणाले, माकडहाडाला मार आहे, मोडलेलं नाही. मोडलं असतं तर केस मजबूत झाली असती.
निश्चय: हनुमंतावर नुकसानभरपाईचा दावा. नातं वेगळं, कायदा वेगळा.

२ फेब्रुवारी, सोमवार.
मोबाईलवर दोन तास अभ्यास. परदेशात दुकानात पाय घसरला तर लोक त्या पैशात बंगला बांधतात. जागा ज्याची, जबाबदारी त्याची. पाच लाख मागणार. सुलक्षणा म्हणाली, भावजींकडं इतकी वर्षं फुकट चहा पिताय, त्याचं बिल त्यांनी लावलं म्हंजे? अंगणवाडीत शिकवून कायदा कळत नाही.
हनुमंत बघायला आला नाही. मी वाट बघत नव्हतोच.

४ फेब्रुवारी, बुधवार.
भोरला वकिलाकडे. एसटी रिकामी असून उभा राहिलो. कंडक्टर तीनदा बसा म्हणाला.
वकील म्हणजे फिजा, आपल्या मतीन टेम्पोवाल्याची मुलगी. नवीन सनद, त्यामुळे प्रश्न फार. फरशी हलते हे तुम्हाला आधी माहीत होतं का? म्हटलं, म्हणजे काय, सहा महिने मीच हनुमंताला सांगतोय. ती म्हणाली, काका, हे कोर्टात बोलू नका. मग म्हणाली, जखमेचा फोटो आहे का? मी विषय बदलला.
शेवटी म्हणाली, जागेचा सातबारा आणा, मालक कोण कोण ते आधी बघू. हे मला! वीस वर्षं जमिनीचे व्यवहार करतोय. भोर-वेल्ह्यातली निम्मी माणसं माझ्याकडून उतारे वाचून घेतात. उठताना (म्हणजे मी उभाच होतो) तिनं विचारलं, काका, तुम्हाला नक्की काय पाहिजे? म्हटलं, न्याय. तर म्हणाली, एकदा त्यांना फोन करून बघा ना.
असला वकील आपल्या कामाचा नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
गुंजवण्याला पुण्याच्या पार्टीला जमीन दाखवायची होती. पार्टी म्हणाली, बसून बोलू. मी म्हटलं, उभ्यानंच बोलू. त्यांना वाटलं, मला पळून जायची घाई आहे, जमिनीत काहीतरी भानगड आहे. व्यवहार फिसकटला. हेही दाव्यात टाकणार.
हनुमंताचा फोन नाही. तिथं रेंज नव्हती म्हणा. घरी आल्यावर रेंज होती. तरी नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार.
सुलक्षणानं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणून दिली. त्यावर बसता येतं. उठता येत नाही. दुपारी दीड ते पावणेचार बसलो होतो.
आज आठवडा झाला. शेजारचं कुत्रंसुद्धा येऊन वास घेऊन गेलं. हनुमंत नाही. बरंच आहे, तडजोडीचा प्रश्नच उरला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार.
काम फत्ते! तहसील कचेरीबाहेर टायपिंगला बसतो तो कुंडलिक. त्याला वकिलापेक्षा जास्त कळतं आणि तो प्रश्न विचारत नाही. एकच विचारला, नोटीस कुणाच्या नावानं काढू? म्हटलं, हा घे गट नंबर, ऑनलाइन सातबारा काढ, त्यावर जेवढी नावं असतील तेवढ्यांना पाठव. एकालाही सोडू नको. हनुमंत बेरकी आहे, बायकोचं नाव पुढं करून नामानिराळा राहील. तशी ती जमीन आजोबांची. वाटणीत रस्त्याकडची त्याला गेली, ओढ्याकडची मला. सगळं तोंडीच झालं, पण भावाभावांत कागद कशाला लागतो?
नोटीस झकास झाली. कलम एक, फरशी. कलम दोन, साबण. कलम तीन, माकडहाड. कलम चार, ‘नोटीस घेणार हे मोठ्याने हसले.’ कुंडलिक म्हणाला, साहेब, हसण्याला कायदा न्हाई. म्हटलं, टाक. तेच मुख्य आहे.
सह्या ठोकल्या. सात पाकिटं. सात नावं कुणाची म्हणून बघणार होतो, पण त्याचा चहा आला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
आंबवड्याहून धोंडाबाईचा फोन. आमची धाकटी चुलती, वय ऐंशी. आवाज आनंदाचा. म्हणाली, सरकारचा कागद आलाय, रस्त्यात गेल्याल्या जमिनीचं पाच लाख मिळणार. कागद देवापुढं ठेवलाय, आळीत पेढं वाटलं. आणि तुझं नाव तर दोनदा हाय रं इंद्रजिता, तुला डबल!
म्हातारीला वाचता येत नाही, वाचून दाखवणाऱ्यानं फसवलं असेल. पण तिला नोटीस कशी गेली? कुंडलिकाचा काहीतरी घोळ. उद्या बघतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.
पोस्टमन आला. माझ्या नावचं स्पीड पोस्ट. वाटलं, हनुमंताचं उत्तर आलं, घाबरला. सही करून घेतलं.
नोटीस देणार: इंद्रजित. नोटीस घेणार क्रमांक तीन: इंद्रजित.
कुंडलिकाला फोन लावला. तो म्हणाला, सातबाऱ्यावर होतं त्ये टाकलं. तुमीच म्हणला, एकालाबी सोडू नगं.
वाटणी तोंडी. उताऱ्यावर अजून आम्ही सगळे. वीस वर्षं जगाचे उतारे वाचले.
सुलक्षणानं नोटीस मोठ्यानं वाचली. ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे मला असह्य वेदना झाल्या असून पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास मी तुम्हाला कोर्टात खेचीन.’ म्हणाली, द्या की मग. आणि आत गेली. बराच वेळ आतून मिक्सरसारखा आवाज येत होता. मिक्सर बाहेरच होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
हनुमंत आला. पंधराव्या दिवशी. हातात पाकीट.
खुर्चीवर बसला. मी ट्यूबवर. मग त्यानं विचारलं, तुला बी आली व्हय? म्हटलं, आली. म्हणाला, कोन हाय रं ह्यो इंद्रजित? कामधंदा न्हाई का त्याला? म्हटलं, जमिनीचे व्यवहार करतो म्हणतात. म्हणाला, मग लबाडच असंल. म्हटलं, असेल.
चहा झाला. मग खाली बघत म्हणाला, तू पडलास तवा म्या हसलो, ते लई वंगाळ झालं. दुसऱ्या दिवशी तुज्याकडं यायला निघालो हुतो, पण तुला बघून परत हसू आलं तर, म्हून माघारी फिरलो. फरशी त्याच दिवशी बसवली.
मला फार बरं वाटलं. हे त्याला सांगितलं नाही, इथं लिहून ठेवतो.
मग म्हणाला, नोटिशीला उत्तर तर द्याया पायजे, न्हाईतर ह्यो गडी कोर्टात जाईल. दोघांचं मिळून एकच देऊ. त्यानं सांगितलं, मी लिहिलं, कारण अक्षर माझं चांगलं. ‘सदर नोटीस देणार हा इसम खाली न बघता चालणारा, थोरल्या भावाचा मान न ठेवणारा व अत्यंत लोभी असून त्यास आम्ही एक पैसाही देणे लागत नाही.’ मी म्हटलं, ‘अत्यंत’ काढू. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे. धोंडाबाईला त्यानं परस्पर फोन करून सांगितलं, पैसं रद्द झालं, पेढं खाल्लं ते चालंल.
खाली हनुमंतानं सही केली. त्याखाली, क्रमांक तीनसमोर, मी केली.