ब्लेड थांबेपर्यंत

केडगाव,
मंगळवार

प्रिय गौतमी,

सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, दहाही बोटं जागच्या जागी आहेत, हवं तर गुरुवारी सुट्टीला येऊन मोजून घे. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर बाई, फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? मी तोंड उघडायचा अवकाश, की आई गोळी घेतली का, आई गॅस बंद केला का, आई दाराला कडी घाला. माझी पाळी येईपर्यंत तुझी शिफ्ट सुरू होते. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीत जन्मभर लेकरांकडून अक्षरं गिरवून घेतली, त्यामुळं माझं अक्षर अजून वाचण्याजोगं आहे. आधी चहा करून घे, मग वाच.

आधी तू ज्याच्यावरून रुसलीस त्याचं बोलते. मागच्या गुरुवारी पडवीत ते मशीन बघितलंस आणि तुझा चेहरा असा झाला, जसा काही मी घरात वाघ आणून बांधलाय. मायटर सॉ म्हणतात त्याला. टेबलावर बसतं, हँडल खाली ओढलं की गोल ब्लेड लाकूड सरळ, नाहीतर तिरकं, पाहिजे त्या कोनात कापून देतं. एवढंच. तू म्हणालीस, या वयात हे कसले उद्योग, हात तुटला म्हणजे? आणि न जेवता शिरूरच्या गाडीला गेलीस. अगं, मेथीची भाजी केली होती तुझ्यासाठी. मी एकटीनं खाल्ली, रागारागानं सगळी खाल्ली.

आता घेतलं कशाला ते ऐक. पावसाळ्यात जाळीचं दार सडलं होतं, आठवतंय? दोन पट्ट्यांच्या कामाला सुतार येईना. तू रजा टाकून आलीस, न्हावरा-चौफुला अशा गाड्या बदलत, भर पावसात, आणि दिवसभर खिळे ठोकत बसलीस. त्याच दिवशी कंपनीत तुझी पुण्याच्या जागेची मुलाखत होती, हे मला नंतर तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. तू चकार शब्द बोलली नव्हतीस. धम्मदीप गेल्यापासून हेच चाललंय, गौतमी. बल्ब गेला, गौतमी येणार. नळ गळतोय, गौतमी येणार. आणि तुझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय मी काढला की तुझं उत्तर ठरलेलं, आई तुम्ही एकट्या आहात. मुलगा गेला त्याचं दुःख मी सोसतेय, तुझं दुःख तू सोसतेस, ते कुणाला चुकत नाही. पण माझ्या जाळीच्या दारापायी तुझा जन्म अडकून पडावा, हे मला काही केल्या सोसेना. त्या दाराकडं बघितलं की मला त्या दाराचाच राग यायचा.

मग मी आणि शेजारची प्रगती रेल्वेच्या शटलनं दौंडला गेलो. तिनं मोबाईलवर सगळं बघून ठेवलं होतं. दुकानदार मला विचारतो, मावशी, कुणासाठी पाहिजे? साहेबांना पाठवा ना, त्यांना दाखवतो. मी म्हणलं, साहेब वर गेलेत, तिथवर मशीन दाखवायला जाणार असशील तर जा बाबा. मग त्यानं स्टूल पुढं केलं बसायला. आपल्याला महागातलं नकोच होतं, घरातल्या किरकोळ कामाला स्वस्तातलं पुष्कळ. पण स्वस्त कशात चालतं आणि कशात चालत नाही, हे बघून घ्यावं लागतं. रंग, डबा, नाव, सगळं स्वस्त चालेल. ब्लेडवरचं झाकण, त्याला गार्ड म्हणतात, ते मात्र हँडल वर नेलं की आपलं आपण खाली येऊन ब्लेड झाकलं पाहिजे. प्लग काढून ते मी पुन्हा पुन्हा वरखाली करून बघितलं. एका मशीनचं अर्ध्यात अडकत होतं, ते बाजूला सारलं. हँडल धरून हलवलं, डुगडुगतंय का बघितलं. लाकूड आवळून धरायचा क्लॅम्प सोबत आहे का विचारलं, ब्लेड इथं दौंडात मिळतं का, बिघडलं तर दुरुस्तीला कुठं आणायचं, हेही विचारलं. दुकानदार शेवटी म्हणाला, मावशी, तुम्ही तर सून बघायला आल्यासारखं बघताय. मी म्हणलं, सुनेला मी एवढं बघितलंच नव्हतं, ती बघताक्षणी पसंत पडली होती. खरंच सांगते गं.

तुला दिसू नये म्हणून मशीन आधी प्रगतीच्या सासऱ्याच्या, गेणबांच्या शेडात ठेवलं. तिथंच शिकले. आणि तिथंच एकदा जीव भांड्यात पडायच्या आधी पार तोंडाशी आला होता, तेही सांगून टाकते, म्हणजे मी काही लपवते असं व्हायला नको. गेणबांचा झेंडूचा मळा आहे खुटबावला. दसऱ्याला त्यांनी शेडातल्या सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावून हार घातले. पंपाला, फवाऱ्याला, विळ्याला, आणि माझ्या मशीनलाही, चांगला गुडघ्याएवढा लांब हार, ब्लेडवरून हँडलवर. आपण काही पूजा करत नाही, पण शेड त्यांचं, भाव त्यांचा, मी कशाला बोलू? नारळ फोडला आणि म्हणतात, ताईबाई, नुसता हार घालून काय व्हतंय, जरा फिरवून दाखवा की. मी नको म्हणेपर्यंत त्यांनीच बटण दाबलं. प्लग लावलेलाच होता. हाराचा दोरा ब्लेडनं गपकन ओढून घेतला आणि शेडभर झेंडूचा पाऊस. गेणबांच्या मिशीत पाकळ्या, प्रगतीच्या केसात पाकळ्या, आणि मी धावत जाऊन आधी प्लग उपटला. कुणाला नखभर लागलं नाही, हे नशीब. त्यांचा हात त्या दोऱ्यात असता तर? गेणबा खाली बसले ते पाणी पिऊनच उठले. प्रगती मात्र हसत सुटली, म्हणाली, मामांचं दुसरं लगीन लागलं.

त्या दिवसापासून माझे नेम ठरले. काम नसेल तेव्हा प्लग भिंतीतून काढलेला. मशीनजवळ लोंबणारं काही नाही. बांगड्या काढायच्या, पदर कमरेला घट्ट खोचायचा, परित्राण पाठाच्या वेळी भंतेजींनी हातात बांधलेला धागासुद्धा काढून बुद्धमूर्तीपाशी ठेवायचा. भगवंत काही रागावत नाहीत. हातमोजे घालायचे नाहीत, लोकांना वाटतं मोजे म्हणजे सुरक्षित, पण मोजा ब्लेडात गेला तर हाताला घेऊनच जातो. डोळ्याला गॉगल. लाकूड क्लॅम्पनं आवळायचं, हात ब्लेडपासून चांगला वीतभर लांब. ब्लेड पुरतं वेगात आल्यावर मगच सावकाश खाली न्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापून झालं की बटण सोडायचं, हँडल खालीच धरून ठेवायचं, आणि ब्लेड पुरतं थांबेपर्यंत हलायचं नाही. तुकडा उचलायची घाई तिथंच नडते. आवाज बंद झाला की माणसाला वाटतं संपलं, पण ब्लेड अजून फिरत असतं.

हात बसल्यावर मशीन घरी आणलं आणि जाळीचं दार मी नव्यानं केलं. तू मागच्या गुरुवारी त्याच दारातून रागानं गेलीस, पण तुझं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरातली मांडणी केली. आणि धम्मदीपच्या फोटोला चौकट केली. तो फोटो कपाटात साड्यांच्या खाली होता, तुला ठाऊक आहे, माझ्यानं भिंतीवर लावणं होत नव्हतं. चौकटीचे कोपरे पंचेचाळीस अंशात कापावे लागतात. पहिली चौकट जुळवली तर कोपऱ्यात मुंगी जाईल एवढी फट. मशीनवरची खूण थोडी खोटी होती, स्वस्तातल्याचं असं चालायचंच. मग टाकाऊ पट्टीवर कापून, काटकोन तपासायचा गुण्या लावून बघत बघत ती खूण दुरुस्त केली. दुसऱ्या वेळी कोपरे असे बसले की नखही जाईना. चौकटीतून माझं पोरगं हसत होतं. माझे डोळे भरून आले, तेव्हा मी आधी प्लग काढला आणि मग रडले. हाही एक नेमच समज. आता तो बैठकीत आहे, रोज माझ्यासमोर चहाला असतो.

आता जे सांगायचं राहिलंय ते. काल सकाळी दारात एक मोटारसायकल थांबली. हातात डाळिंबांची पिशवी घेतलेला माणूस, शर्ट इस्त्रीचा, आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसला. म्हणाला, मी सत्यजीत, गौतमीच्या कंपनीत स्टोअरला आहे, मूळचा वढू बुद्रुकचा. धाकट्या बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. लाजू नकोस, मला सगळं कळलंय. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. त्यानं तुला लग्नाचं विचारलं, आणि तू म्हणालीस, माणूस म्हणून तुम्ही मला आवडता, पण आई एकट्या आहेत. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. मला वाटलं, आता हा माझ्याकडं तक्रार करणार, नाहीतर मला कुठंतरी हलवायची भाषा करणार. तर तो म्हणाला, तिला तुम्हाला सोडायचं नसेल तर तिनं सोडू नये. फक्त गुरुवारची निम्मी कामं मला द्या.

मी म्हणलं, कामं उरलीत कुठं, सगळी मीच करते, चल, पडवीत दाखवते. आतापर्यंत ज्या बाप्यानं ते मशीन बघितलं, तो पहिलं हेच म्हणाला, सरका, मी दाखवतो. हा म्हणाला, मला येत नाही, तुम्ही सांगा तसं करतो. मी सांगायच्या आधी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या, गॉगल मागितला. मी एक फळी आवळून दिली. त्यानं सावकाश कापली, बटण सोडलं, आणि तुकडा ब्लेडशेजारीच पडला. त्याचा हात तिकडं जायला निघाला, मी बघितलं. मी मुद्दाम बोलले नाही. तो आपण होऊन थांबला, हात मागं घेतला, आणि ब्लेड पुरतं थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. मग माझ्याकडं बघून विचारलं, आता उचलू? फळी वाकडी कापली होती म्हणा, पण फळी दुसरी मिळते. त्यानंतर न सांगता झाडू घेऊन पडवीतला भुसा काढला. कांदेपोहे मी मग केले. मुलगा बघायचा कार्यक्रम असा उलटाच झाला, आणि त्याला बिचाऱ्याला ते कळलंसुद्धा नाही. दोनदा पोहे घेतले त्यानं.

मी त्याला शब्द दिलेला नाही. तो देणं माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. पण गौतमी, तुझं कारण मी होते, आणि तुझी ही म्हातारी आता आपलं दार आपण करते आणि कडीही आपण घालते. तुला तो नको असेल तर खुशाल नाही म्हण, पण तुझ्या नावानं म्हण, माझ्या नावावर खपवू नकोस. आणि हो म्हणायचं असेल, तर धम्मदीपला काय वाटेल हा विचार मनात आणू नकोस. तो माझ्या पोटचा होता, मी त्याला ओळखते, तो खूश होईल. तुझ्या आणि त्याच्या लग्नात मी मुलाकडची होते. नवी पैठणी नेसून पुढच्या खुर्चीवर ऐटीत बसले होते. तुझ्या बाजूची आईची खुर्ची मात्र मोकळी होती, तुझ्या आईला जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती, आणि तुझी मावशी बिचारी मागं उभीच राहिली. तू त्या खुर्चीकडं एकदा बघितलंस, ते मी बघितलं होतं. ते सांगायलाच हे पत्र लिहिलं. या वेळी ती खुर्ची मोकळी राहणार नाही. या लग्नात मी मुलीकडची.

तुझीच,
आई