सिंधूताईच्या नावाचा डबा

चि. वंदनेस सुमतीआक्काचा ख्रिस्तात सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की नुसती बाटलीकडे बघतेस? आम्ही देवदयेने ठीक आहोत. म्हणजे शरदचा घसा बसलाय, सूनबाई कामिनीची कंबर धरलीय आणि मला खोक्यांमधून वाट काढत न्हाणीघर गाठावं लागतं, पण ठीक.

बिशपसाहेबांचा हुकूम तुला कळलाच असेल. तुझा भाचा आता तुमच्या यवतमाळच्या मंडळीचा पाळक. नागपूरची मंडळी ऐकून रडली. पाळक आज इथे तर उद्या तिथे, त्यात रडायचं काय, असं शरदने उपासनेत समजावलं, आणि समजावता समजावता स्वतःच रडला.

मग निघाले डबे. पाळकाच्या घरात आपलं भांडं कोणतं आणि मंडळीचं कोणतं, हे प्रभूलाच ठाऊक. नाताळाला डबा, बारशाला डबा, शरदला दोन शिंका आल्या तरी कोणीतरी आळिवाची खीर घेऊन दारात. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून तो राहून जातो, आणि फार राहिला की आपलाच वाटायला लागतो. कामिनीने ठरवलं, भांड्यावर नाव कोरलेलं असतं, त्या नावाला पोचवून मोकळं व्हायचं. पोरगी हुशार आहे (मिहानमधल्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसते), पण भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं नाही, हे तिला कॉम्प्युटर कसा सांगणार?

एका मोठ्या डब्यावर होतं, ‘सिंधूताईकडून सप्रेम भेट’. तिने त्यात काटोलची संत्री भरली आणि सिंधूताईला नेऊन दिला. सिंधूताईने डबा उलटापालटा करून पाहिला. “हा तं म्या रंभाच्या पोरीच्या लग्नात देला होता! तुमच्या घरी काहून आला?” कामिनी पडली पाळकाची बायको, खोटं बोलवेना. नाताळात रंभाबाईने त्यातून चकल्या पाठवल्या होत्या, असं सांगून बसली. झालं! रविवारी चर्चच्या भर आवारात सिंधूताई तो डबा रंभाबाईच्या हातात कोंबून म्हणाली, “माह्या भेटीत चकल्या भरून वाटून राहिली काय वं?” रंभाबाईने तिथल्या तिथे परतवलं, “मंग काय शोकेसमधी ठेवू? झाकण तं धड बसत नाही त्याचं!” आणि डबा तिने आमच्याच ओट्यावर आणून आदळला. तेव्हापासून एक उजव्या बाकावर, दुसरी डाव्या, आणि गीत म्हणताना दोघींची शर्यत. छत हलतं.

आता पेच ऐक. मनात अढी असेल तर आधी समेट, मग प्रभुभोजन, हे शरदनेच इतकी वर्षं शिकवलं. निरोपाच्या प्रभुभोजनाला त्याने विचारलं, तर दोघींनी माना खाली घातल्या. अढी आहे. निरोप पुढे ढकलला. पुढच्या रविवारी पुन्हा अढी. तो दोघींच्या घरी जाऊन आला. दोघी रडल्या, दोघींनी जेवू घातलं आणि म्हणाल्या, “थोडी राह्यली आहे, पाळकसाहेब.” वर येताना हातात एकेक भरलेला डबा! मनोहरराव (आमचे पंच, गंभीर माणूस) म्हणाले, “मंडळीत भांडण ठेवून पाळक जात असते काय कुठं?” हिंगण्याचा ट्रकवाला रोज फोन करून विचारतो. बाकी भांडी खोक्यांत, म्हणून आम्ही एका कढईत चहापासून वरणापर्यंत सगळं करतो.

परवा मेथी आणायला बाजारात गेले. बघते तर टपरीवर ह्या दोघी, एकाच प्लेटमधले तर्री पोहे खात, खांद्यावर हात ठेवून खिदळत होत्या. मला पाहताच रंभाबाईने तोंडातल्या घासासकट मान फिरवली. सिंधूताई म्हणाली, “आक्का, तुम्ही काही पाह्यलं नाही.” मी म्हटलं, “मले मोतीबिंदू आहे वं.” मग मलाही एक प्लेट मिळाली.

शरदला सांगावं तर पाळकाच्या आईने चुगली केली असं होईल, न सांगावं तर लबाडी. म्हणून मी प्रार्थनेत मार्ग विचारला आहे. उत्तर आलेलं नाही, आणि मीही तगादा लावलेला नाही. तुमच्या मंडळीला सांग, स्वागताचे हार आत्ताच आणू नका, सुकतील.

तुझी,
सुमतीआक्का

ता.क. बिशपसाहेबांचा आज फोन आला, आवाज चढलेला होता. दोघींनी निरोप धाडलाय की येत्या रविवारी अढी जाईल. ट्रक सोमवारी. हार आण.

आणखी एक. भांडणाचा तो डबा आता कोणालाच सापडत नाहीये. सगळं पंचमंडळ ओटे धुंडाळतंय. तो माझ्या लुगड्यांच्या पेटीत, अगदी तळाशी आहे आणि यवतमाळला येतोय. तू रवा-खोबरं आणून ठेव. करंज्या तुझ्याच हातच्या हव्यात. डबा परत करायला मला नागपूरला यावं लागेल, आणि रिकामा कसा द्यायचा? झाकण मात्र खरंच बसत नाही. बसमध्ये मांडीवर धरून आणावा लागेल.