गुडघ्याचं माप

२ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्लास्टर परवा निघालं. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. डॉक्टरांनी गुडघा वाकवायला सांगितला, तो काटकोनापर्यंत आला आणि तिथेच हटून बसला. आणखी थोडा वाकेल, पण पहिल्यासारखा नाही, असं ते म्हणाले. या वयात स्टुलावर चढायला तुला कोणी सांगितलं होतं, हे तू लिहिणारच आहेस, म्हणून मीच लिहून टाकते.

चालता येतं. अडतं ते सायकलवर. काल भिंतीला धरून बसून पाहिलं. पेडल खाली जातं, पण वर यायला लागलं की गुडघा नाही म्हणतो आणि फेराच पुरा होत नाही. माझं काम तुला माहीत आहे. ज्यांना शिंप्याच्या दुकानात येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, कपडे सैल-घट्ट करून द्यायचे. कोणी पलंगावर, कोणी जिना न उतरणारं. अशी अकरा घरं, एक पूर्वेला तर दुसरं पश्चिमेला. चालत दोन घरं केली की गुडघा सुजून टम्म होतो. स्कूटर सुचवू नकोस, एकदा पडले तेवढं पुरे.

चौकातल्या रेडिमेडच्या दुकानदारांनी निरोप धाडलाय. मागच्या खोलीत मशीन आहे, दिवसभर बसून पँटी आखूड करायच्या. ३१ जुलैपर्यंत उत्तर हवंय. माणूस भला आहे, नाव ठेवायलाही जागा नाही. पण तिथे मला माणसं दिसणार नाहीत, नुसते पँटींचे पाय. मला ते नकोय, धाकट्या. अजिबात नकोय.

तू निवृत्त झाल्यापासून गॅलरीत बसून लोकांच्या जुन्या सायकली नव्या करतोस. माझ्या सायकलीचं काही होईल का?

माया आहेच, तिची शिवण उसवू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. वहिनीला म्हणावं, मी व्यवस्थित जेवते.

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्टुलाबद्दल काही लिहीत नाही. तू लिहिलंस ते पुरेसं आहे, फक्त अक्षर जरा मोठं काढायला हवं होतंस.

सायकलीचं होईल. गुडघा वाकत नसेल तर पेडलचा फेरा लहान करायचा, एवढीच गोष्ट आहे. पेडल ज्या दांड्याला बसतं त्याला क्रँक म्हणतात. तुझा क्रँक पावणेसात इंचांचा आहे, म्हणजे पाय खालून वर साडेतेरा इंच येतो. मी दोन जाड पोलादी पट्ट्या करतो. त्या क्रँकवर बोल्टने आवळायच्या आणि पेडल पट्टीवरच्या भोकात, मध्याच्या जवळ बसवायचं. फेरा लहान झाला की गुडघ्याला तेवढं वर यावंच लागणार नाही.

मला फक्त एक माप हवं. उंच स्टुलावर (भिंतीला टेकलेल्या!) सायकलवर बसतेस तशी बस. दुखरा पाय सरळ खाली सोड, टाच असेल तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण कर. मग पाय वर घे, गुडघा थांब म्हणेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर मला कळव. त्याच्या निम्म्यावर मी भोक पाडीन. नीट मोज. भोक एकदा पडलं की पडलं.

इथे सगळे ठीक. गॅलरीत शेजाऱ्यांच्या दोन सायकली उघडून ठेवल्या आहेत आणि हिच्या वाळत घातलेल्या साडीवर लोखंडाचा कीस सापडलाय, त्यामुळे सध्या मी हळू बोलतो.

आशीर्वाद असावेत, आणि रागवायचं थोडं बाकी ठेवावं.

तुझा,
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दहा इंच.

नीट मोज म्हणून मला सांगतोस? तीस वर्षं लोकांची मापं घेतली. टेप लावताच पोट आत ओढणाऱ्या बायका मी दारातूनच ओळखते. भिंतीवरच्या खुणा पुसून टाकल्या आहेत, रंग नवा आहे.

पट्ट्या लवकर कर. दुकानदार काल पुन्हा विचारून गेले, मी हसून वेळ मारून नेली.

इथलं प्रेम मापाहून दोन बोटं जास्तच आहे असं समज.

तुझी,
ताई

२९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या पुडक्यात दोन पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट आहेत. दहाचे निम्मे पाच, म्हणून मध्यापासून बरोबर पाच इंचांवर पेडल बसेल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यासाठी लागणारं हत्यार आमच्या जुन्या कारखान्यातून मागून आणलं. फोरमन आता नवा आहे, पण माझ्या हातचे दोन साचे अजून वापरतात म्हणाला. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

डावं पेडल काढताना पाना पुढच्या चाकाकडे नाही, मागच्या चाकाकडे फिरव. बोल्ट आवळलेस की दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळ. सीटही पावणेदोन इंच वर घे. मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय याची कल्पना आहे, पण तुझा हात कात्रीचा आहे, पान्यालाही सरावेल.

फिरून आलीस की त्याच दिवशी लिही. मी वाट बघतोय.

तुझा,
धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पट्ट्या फार सुबक आहेत. कडासुद्धा घासून गोल केल्यास, बोटाला कुठे टोचत नाही. दोन्ही मीच बसवल्या, कोणाला हात लावू दिला नाही.

पण पेडल वर येताना अजूनही अडतं. पहिल्यापेक्षा बरंच कमी, तरी अडतंच. तीन दिवस रोज बसून पाहिलं. भोकाची जागा कुठेतरी थोडी हलली असेल. होतं असं, तू मनाला लावून घेऊ नकोस. इतके कष्ट केलेस हेच पुष्कळ झालं. पट्ट्या जपून ठेवते.

महिनाअखेरीला दुकानदारांना हो म्हणून टाकेन म्हणते. पँटी तर पँटी.

तुझी,
ताई

१३ जुलै

तीर्थस्वरूप वन्सं यांस,
शि. सा. न.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे, आणि टाकायलाही मीच जाणार आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे गॅलरीत होते. वाचून झाल्यावर पट्ट्यांचा नकाशा काढलेला कागद घेऊन बसले आणि मोजत राहिले. मी लक्ष ठेवून होते, तो त्यांनी सात वेळा मोजला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या दोन्ही सायकली होत्या तशा जोडून परत नेऊन दिल्या. लोखंड घट्ट धरायच्या शिकंजाला तेल लावलं, जुन्या चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. म्हणाले, हात गेला, आता लोकांच्या जिवाशी खेळ नको. वन्सं, चाळीस वर्षांत यांचा एक नग कारखान्यात परत आला नव्हता. पहिला परत आला तो बहिणीकडून.

गॅलरी आता लख्ख आहे. साड्यांवर कीस नाही, खाटखूट नाही. याच शांततेसाठी मी दोन वर्षं भांडले, आणि आता ती मिळालीय तर घरात करमत नाही. हे खिडकीशी नुसते बसून असतात.

मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या कागदावर पाच इंच म्हणजे पाचच होते, ते मीही पट्टी लावून पाहिलं. मग चुकलं कुठे? तुम्हाला ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. ठाऊक असलं तर मात्र यांना लिहा, एवढंच म्हणते.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला.

तुमची,
भावजय

१६ जुलै

चि. धाकट्यास,
पुष्कळ आशीर्वाद.

आधी माळ्यावर चढ आणि तो शिकंजा खाली काढ. मग पुढचं वाच.

माझं माप दहा इंच नव्हतं. साडेसात होतं. तीनदा मोजलं, दातावर दात दाबून मोजलं, तिन्ही वेळा साडेसात. मग मी कागदावर दहा लिहिलं.

का, ते तुला सांगायला हवं. माझ्या गिऱ्हाइकांत एक बाई होती. कमर मोजली की म्हणायची, दोन इंच कमी धरा, मी पुढच्या महिन्यात बारीक होणार आहे. मी हसायचे तिला. त्या दिवशी स्टुलावर बसून मी तेच केलं. म्हटलं, पट्ट्या तयार होईपर्यंत गुडघा वाकायला लागेल, साडेसात लिहिलं तर ते कायमचंच ठरेल. साडेतेरा इंच पाय फिरवणारी मी, साडेसातवर आले, हे तुला कळवायची लाज वाटली. पाठच्या भावाला काय लाज, हे आता कळतंय.

आणि पट्ट्या अडल्या तेव्हा तुझ्या भोकाचीच जागा हलली असेल म्हणून मोकळी झाले. नाचता येईना अंगण वाकडं. खोटं माप लिहिलं ते मी स्वतःला फसवलं म्हणून सोडून देता येईल. पण दोष तुझ्या हातावर ढकलला, ते वाईट केलं. त्याची मला फार लाज वाटते. मला माफ कर.

तुझं भोक पाच इंचांवरच आहे. काल टेप लावून पाहिलं, केसभरही इकडेतिकडे नाही. पट्ट्या सोबत परत पाठवते. आता काही करणार नाही म्हटलंस तरी चालेल, दुकानात बसेन आणि तक्रार करणार नाही. पण शिकंजा खाली काढ.

तुझी,
ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू खोटं लिहिलंस हे वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू! पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि हिला म्हणालो की ताई खोटारडी आहे. ही म्हणाली, देव पावला. मग दोघं हसत बसलो आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

रागवायचं बऱ्यापैकी मनात होतं, पण मुहूर्त लागेना. आठ दिवस मी स्वतःच्या बोटांकडे चोराकडे बघावं तसा बघत होतो. ती बोटं शाबूत आहेत हे कळल्यावर माणूस रागवेल कसा? पुन्हा असं करू नकोस, एवढं मात्र लिहितो. दहाचं साडेसात झालं म्हणून तू मला अडीच इंच कमी वाटणार होतीस का?

शिकंजा त्याच दुपारी खाली आला. ही स्टूल धरून उभी होती, तुझं नाव घेत. त्याच पट्ट्यांत पावणेचार इंचांवर नवं भोक पाडलंय. पाच इंचांचंही राहू दिलंय. गुडघा कधी तिथवर आला तर आला, नाही आला तर पट्टी तेवढीच हलकी.

आता काही सूचना, या वेळी खरंच ऐक. फेरा लहान झाल्यामुळे जोर जास्त लागेल, म्हणून मागच्या चाकाला जास्त दातांचं चक्र आणि त्याला पुरेल अशी लांब साखळी पाठवतोय. ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून बसवून घे, घरच्या पान्याने निघत नाही. ब्रेकचे रबर जुने झाले असतील, नवे टाकलेत. आणि सीट आता मूळच्या जागेपासून तीन इंच वर घ्यावी लागेल, नाहीतर गुडघा पुन्हा अडेल. त्यामुळे बसल्या बसल्या पाय जमिनीला पुरणार नाहीत. पायरी, कठडा असं काही बघूनच थांबायचं.

शेजाऱ्यांच्या सायकली मी परत मागून आणल्या. त्यांना वाटतंय माझं डोकं फिरलंय.

कृपादृष्टी आहेच, मापंही खरीच पाठवावीत.

तुझा,
धाकटा

३१ जुलै

चि. धाकट्यास आणि सौ. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज फिरून आले, आजच लिहिते आहे.

पट्ट्या सोमवारी बसवल्या, मंगळवारी पुन्हा आवळल्या. सायकलवाल्याने चक्र आणि साखळी घातली. पट्ट्या बघून त्याने विचारलं की कुठल्या कंपनीच्या. मी सांगितलं, घरच्या.

सकाळी ओट्यावरून सायकलवर बसले आणि पेडल दाबलं. दुसरं वर यायला लागलं तसे माझे डोळे आपोआप मिटले. धाकट्या, ते वर आलं आणि पलीकडे गेलं. अडलं नाही. मग पुन्हा आलं, पुन्हा गेलं. पाय भराभर फिरतात आणि सायकल मात्र निवांत चालते, बघणाऱ्याला गंमत वाटत असेल. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने आलं असं लिहिणार होते, पण वारा नव्हता.

मग चौकात गेले. दुकानदारांच्या दाराशी उंच पायरी आहे, तिच्यावर पाय टेकवून थांबले. ते बाहेर आले. त्यांना म्हटलं की तुम्ही विचारलंत याचे उपकार आहेत, पण मला जमणार नाही, माझी अकरा घरं आहेत. ते म्हणाले, उतरून आत तरी या. मी म्हटलं, आता उतरले तर घरं राहून जातील. पायरीवरून सायकल ढकलली आणि निघाले.

तीन घरं केली. जिना न उतरणाऱ्या आजोबांनी एप्रिलपासून सदऱ्याची बाही टाचणीवरच ठेवली होती, दुसऱ्या कोणाला देईनात. ती शिवून दिली. चौथ्या घरी उद्या जाईन.

आता गुडघा दुखतोय, चांगला ठणकतोय. प्लास्टरमध्ये असताना दुखायचा तेव्हा मला रडू यायचं. आज शेक घेत बसले आहे आणि मनात येतंय की हा दिवसभर कामावर जाऊन आलाय, दुखणारच.

दोघांवर जीव आहे, तो मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

तुमची,
ताई