पलीकडून दिसणारं गाव

बुधवार, १२ ऑगस्ट
दुपारची जेवणं उरकल्यावर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तुझं पत्र आणि सोबतचे कागद परवा मिळाले. जावईबापूंना सांग, त्यांचं अक्षर आमच्या डॉक्टरीणबाईंपेक्षाही वाईट आहे. पाकिटावरचा पत्ता पोस्टमननं निव्वळ ओळखीवर शोधला. आपल्याकडे ओळख पुरते म्हणा. या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाचा माणूस रुमाल काढतो.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, पलीकडे काय चाललंय?" पलीकडे! अगं बाई, पलीकडे तू आहेस. आपण अलीकडे. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नदीनं कूस बदलली का? तुझे बाबा म्हणतात, "ती जिथे उभी आहे, तिथून बरोबरच बोलतेय." या माणसाला भूगोल तेवढा कळतो.

तर अलीकडच्या बातम्या ऐक. नदीकाठच्या नव्या बाकांवर रविवारी बसायला जागा मिळत नाही. त्या महानगरातली माणसं पूल ओलांडून येतात, आपल्या बाकांवर बसतात आणि स्वतःच्याच शहराचे फोटो काढतात. त्यांच्या उंच इमारती त्यांना घरातून दिसत नाहीत म्हणे, त्या बघायला आपल्या दारात यावं लागतं. वर एक बाई मला विचारते, "तुम्ही एवढ्याशा गावात राहता? कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, "येतो की. रविवारी येतो, तुम्ही मंडळी आलात की."

प्रसूतिगृहाची नदीकडची खोली बाबांनी स्वतः रंगवली. पिस्ता रंग आणायला सांगितला होता, पिवळा घेऊन आले. खोली आता आतून अंड्याच्या बलकासारखी दिसते. बेकरीवाल्या मावशींनी खिडकीला नवे पडदे दिले. नगराध्यक्ष येऊन पलंग हलवून बघून गेले, करकरतो का म्हणून. सगळ्या गावाला ठाऊक आहे की तू शनिवारी येणार आणि इथेच बाळंत होणार, ज्या खोलीत तू जन्मलीस आणि जिथे नर्स म्हणून तुझ्या आईची उभी हयात गेली. "माझ्यामुळे आईची खोली वाचणार असेल, तर मी इकडच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालणारच नाही," असं तू लिहिलंस. ते वाक्य मी किती जणांना वाचून दाखवलं म्हणून सांगू! बाबांना दाखवलं तर ते चष्मा शोधायचं निमित्त करून आत गेले. चष्मा डोक्यावरच होता.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. नवा पूल झाल्यापासून आपल्या सगळ्या पोरी पलीकडे जाऊन बाळंत होतात. वर्षभरात अलीकडे कुणी जन्मलेलंच नाही. डिसेंबरपर्यंत असंच राहिलं तर खोलीला कुलूप, आणि मग तिथे कॉफीचं दुकान काढणार. आपल्या खिडकीत बसून पलीकडचे दिवे बघत कॉफी प्यायची! ऐकल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. पण तू येतेस म्हटल्यावर आणखी दोघी-तिघींचा विचार बदलेल, असं नगराध्यक्ष म्हणत होते.

बाबा हाका मारताहेत, नळ पुन्हा गळतोय वाटतं. उरलेलं उद्या लिहिते.

गुरुवार, सकाळी

नळ काल गळत नव्हता. मला पुढचं लिहायचं नव्हतं.

तुझ्या कागदांत सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे. तू लिहिलंस, "वार थोडी खाली आहे, जपा म्हणालेत." थोडी नाही गं. वार बाळाच्या वाटेतच येऊन बसली आहे, आणि दिवस भरत आल्यावर आता ती वर सरकायची नाही. अशा वेळी कळांची वाट बघत बसायचं नसतं. तारीख ठरवून सिझेरियन करायचं असतं, आणि तेही रक्तपेढी हाताशी असेल तिथेच. आपल्याकडे पिवळ्या भिंती आहेत, नवे पडदे आहेत, न करकरणारा पलंग आहे. रक्तपेढी नाही.

तेव्हा शनिवारी येऊ नकोस. कुठेच जाऊ नकोस. थेंबभर रक्त दिसलं तरी त्याच पावली दवाखाना गाठायचा, जावईबापू ऑफिसातून येण्याची वाट बघायची नाही. आमच्या डॉक्टरीणबाई तुझ्या डॉक्टरांशी बोलल्या आहेत. ते तुला ठेवून घेतील.

मला भीती वाटते आहे, खारूताई. दुसऱ्यांच्या लेकींना "घाबरू नकोस" म्हणताना माझा आवाज कधी हलला नाही. तुला हे फोनवर सांगताना हलला असता. म्हणून हे पत्र, आणि ते घेऊन बाबा. एव्हाना ते तुझ्यासमोर बसलेले असतील. त्यांना आधी पाणी दे.

काल संध्याकाळी मी नगराध्यक्षांना सांगून टाकलं. ते बेकरीत पाव घेत होते. त्यांचा चेहरा पडला.

"बाई, तुमचीच लेक पलीकडे गेली, तर बाकीच्यांना थांबा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"माझ्या तोंडानं सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, बाईंनी स्वतः पाठवलं. आपल्या हौसेपायी या खोलीत आम्ही कधी कुणाला अडवून ठेवलं नाही. जिला पलीकडे न्यायला हवं, तिला वेळेवर नेलं, पूल नव्हता तेव्हा होडीतून नेलं. त्या सगळ्या आज पोरांना घेऊन बाजारात भेटतात. खोलीला कुलूप लागायचं तर लागू दे, पण तिचं नाव खराब होणार नाही."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण बेकरीतली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मावशींची सून गल्ल्यावर होती. तिला सहावा महिना आहे आणि तिनं पलीकडे नाव कधीच घातलंय. ती हळूच म्हणाली, "काकू, माझं कसं आहे ते एकदा बघाल? तुम्ही थांब म्हणालात तर मी इथेच थांबेन."

"आणि जा म्हटलं तर?"

"तर जाईन. पण तुम्ही स्वतःच्या लेकीला जा म्हणालात ना, आता तुमच्या थांब म्हणण्यावर माझा विश्वास बसेल."

आज अकराला ती तपासायला येते आहे. एका सुनेच्या बळावर खोली वाचते की नाही, मला माहीत नाही. पण काल मी बेकरीतून घरी आले ती मान ताठ करून. आणि मनात म्हटलं, माझी लेक आईच्या खोलीसाठी स्वतःचा जीव पणाला लावायला निघाली होती. वेडी कुठली! फार अभिमान वाटला गं तुझा. तरी पुन्हा असला वेडेपणा करायचा नाही.

सोमवारी मी येते. हो, मीच. आजवर पलीकडे एक रात्र न काढलेली तुझी आई. बाळ हाती येईपर्यंत आणि नंतरही तू हाकलशील तोवर राहीन. जावईबापूंना सांग, मला सोफा चालेल, पण त्यांचा चहा चालणार नाही.

एकच मागते. दवाखान्यात नदीकडची खोली मिळते का बघ. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिथल्या वरच्या मजल्यावरून आपलं गाव एका नजरेत मावतं, घाट, घड्याळाचा मनोरा, प्रसूतिगृहाची खिडकीसुद्धा. त्या रविवारच्या मंडळींना मी इतकी हसले, आणि आता आपलं गाव नीट बघायला मलाही पलीकडेच यावं लागतंय!

बाळ तिकडे जन्मू दे. मग त्याला खिडकीशी घेऊन जा. डॉक्टरीणबाईंना मी पिवळ्या खोलीतला दिवा लावून ठेवायला सांगितलं आहे. त्याला म्हण, "ते बघ, पलीकडे आजीचं गाव." खुशाल पलीकडे म्हण. मी शेजारीच उभी असेन, आणि एक अक्षर बोलणार नाही.

तू ज्या काठावर असशील, त्याच काठाची,
तुझी आई