जाळीबाहेरून

२ मे, शुक्रवार

दमलो. इथे आखातात शुक्रवारी सुट्टी, तरीही पहाटे उठून सनदच्या घरून जुफैरच्या टेनिस कोर्टवर. ऊन चढायच्या आत सलीलची मॅच उरकायला हवी, नाहीतर कोर्टचा नुसता तवा होतो. अमेरिकेतल्या कॉलेजात ऍडमिशन झालीय पोराची, पण टेनिस टीमचं अजून लटकलेलंच. तिथला कोच म्हणतो, अख्ख्या मॅचचा व्हिडिओ पाठव, काही कापू नकोस — मग ऑगस्टमध्ये ट्रायलला बोलवायचं का ते सांगतो.

मॅच चालू असताना बाहेरून शिकवायला बंदी. म्हणून मी कोर्टभोवतीच्या जाळीबाहेर उभा राहून फोन कानाला लावतो, सुरेखाशी बोलल्यासारखं करतो आणि मराठीत ओरडतो — "अगं, बॅकहँडला दे ना!" इथे कुणाला कळतंय! समोरच्या पोराचे वडील, वकार, हसत म्हणाले, "हेमचंद्रभाई, भाभी से इतनी बातें? हमारी तो फोन ही नहीं उठाती."

सलील जिंकला. प्रत्येक पॉइंटनंतर माझ्याकडे बघत होता. बरं वाटलं. बाप लागतो अजून!

३ मे

व्हिडिओ पाठवला. पाठ धरलीय.

७ मे, बुधवार

ऑफिसातून येऊन बूटही काढले नव्हते, तर कोचचा व्हिडिओ कॉल. सरळ माणूस. म्हणाला, भाषा मला कळत नाही, पण हा मुलगा प्रत्येक पॉइंटनंतर जाळीकडे बघतो. कोण आहे तिथे? आमच्याकडे जाळीपाशी कुणी नसेल.

  शेवटी कोचच म्हणाला, दुसरी मॅच पाठव, जाळीपाशी कुणी नको.

सुरेखा चिडली. "कितीदा सांगितलं, तोंड आवर!" खरंय तिचं. इतकी वर्षं पोराला आणलं-नेलं आणि ऐन वेळी मीच आडवा आलो. फार लागलंय मनाला.

९ मे, शुक्रवार

कॅमेरा स्टँडवर लावला आणि गाडीत जाऊन बसलो. एसी लावून. कोर्ट दिसत नाही तिथून.

सलील हरला! १-६, २-६. वकारच्याच पोराकडून, ज्याला गेल्या आठवड्यात लोळवला होता! वकार स्वतः येऊन सांगून गेले, "आज बच्चे का ध्यान ही नहीं था." माझं डोकंच फिरलं. गाडी सुरू केली आणि तोंडही — मी नसलो तर एक शॉट सुचत नाही तुला? तिकडे काय दिवे लावणार?

तो खिडकीबाहेर बघत होता. "बाबा, आय डोन्ट इव्हन हिअर यू." मग चक्क मराठीत — "तू पडला होतास ना जाळीपाशी, सप्टेंबरमध्ये. मी बघतो, तू उभा आहेस की नाही. आज दिसतच नव्हतास."

साधी चक्कर होती, ऊन लागलं, खलास — असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. वाटेतल्या उम्म अल हस्समच्या सिग्नलला मी नुसताच एसी वाढवला.

१३ मे

सलीलने हरलेली मॅचच पाठवली. मला न विचारता. का हरलो तेही कोचला सांगितलं म्हणे.

उत्तर आलं — ट्रायलला ये! सुरेखाने शिरा केला. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "फर्स्ट यू सी अ डॉक्टर. नाहीतर मी जाणार नाही." समजावलं, ओरडलो, काही उपयोग नाही. माझाच हट्टीपणा उतरलाय त्याच्यात.

म्हटलं, जातो बाबा. तुझ्या समाधानासाठी.

२२ मे

अँजिओग्राफी झाली. डॉक्टर खदिजा म्हणाल्या, तीन ब्लॉकेज, बायपास करावी लागेल. सप्टेंबरमध्येच यायला हवं होतं.

गाडीत सुरेखा खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तू म्हणशील तसं."

दार सलीलनेच उघडलं. "सो?"

"सगळं नॉर्मल," म्हटलं. "यल्ला, चल, तिकीट काढ."