कुलपाचं चित्र

आई,
इथूनच पाया पडतो. मी मजेत आहे.

व्हिडिओ कॉल बंद झाले म्हणून घाबरू नकोस. या देशात त्यांवर बंदी आहे; ते बंदी चुकवणाऱ्या फुकटच्या व्हीपीएन अ‍ॅपवरच लागायचे, आणि ते अ‍ॅप मीच काढून टाकलं. वर कुलपाचं चित्र, म्हणे ‘तुमचं कुणाला दिसणार नाही’! त्या भरवशावर मी बोटांच्या थरथरीवर औषध शोधलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कटिंग मास्तरांना तुझा फोटो दाखवत होतो, तर त्यावरच जाहिरात उगवली: ‘हात थरथरतात?’ त्या हलकट अ‍ॅपनं केसानं गळा कापला.

मास्तरांनी कात्री काढून घेतली. आता शर्टांच्या घड्या घालतो. हलकं काम, बरंच झालं.

थरथर केव्हाच थांबली. तुझे गुडघे काय म्हणतात?

अक्षर वेडंवाकडं दिसेल. इथलं टेबल डुगडुगतं.

तुझाच,
धाकटा